धोंडीबाच्या गोठ्यातली फटफटी

यंत्र माझ्या हातात आलं की आपणहून सुधारतं! हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, आमची अख्खी टूलरूम सांगते. म्हणजे, मी विचारलं की सांगते. साहेबराव ओव्हाळ, फिटर, एवढं नुसतं नाव घ्या. पिंपरीतलं कुत्रंसुद्धा तुम्हाला आमच्या चाळीच्या दारात आणून सोडेल.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. चिखलीच्या धोंडीबाचं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं. दोन मिस्त्री येऊन हात टेकून गेले होते. मी गेलो, पान्याने दोन ठिकाणी ठोकलं, एका ठिकाणी फुंकर मारली आणि इंजिन सुरू! धोंडीबाला गहिवरून आलं.

"सायेबराव, माज्याकडं द्यायला काय न्हाई बगा. गवार न्या, न्हाईतर गोठ्यातला त्यो लोखंडी खांब न्या."

मी गोठ्यात डोकावलो. खांबाला म्हैस बांधलेली होती. खांबाला दोन चाकं होती. पुढे दिवा होता आणि दिव्यात कोंबडी बसलेली होती.

"अहो, ही तर मोटारसायकल!"

"व्हय. थोरल्यानं मिल्ट्रीच्या लिलावात घेतल्याली. त्यो गेला मुंबैला, फटफटी ऱ्हायली हितंच. बारा वर्सं झाली. म्हशीला लई आवडती."

मला रोज कंपनीत जायला चार मैल सायकल हाणावी लागायची. त्या खांबाकडे बघताना मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं. वाऱ्यावर उडणारे केस, मागे कस्तुरा, पुढे मोकळा रस्ता! मी गवार नाकारली.

बैलगाडीतून फटफटी निघाली. तयार होईपर्यंत कुणाला दिसू नये म्हणून तिच्यावर मी पांढरी चादर घातली होती. तिथेच चुकलं! पिंपरीच्या वेशीत एकाने टोपी काढली. दोघं तर गाडीमागून हळूहळू चालायलाच लागले.

"कोण होतं?" त्यातल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं.

"मिल्ट्रीतलं आहे," मी म्हणालो.

"अरेरे! वय काय?"

"असेल तीसेक वर्षं."

"कोवळंच की हो! काय झालं होतं?"

"बारा वर्षं जागेवरून हललं नाही. गंजून गेलं."

तो माणूस डोळे पुसत घरापर्यंत आला. मी चादर काढली तेव्हा त्याने माझ्यासाठी जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

कस्तुरा, म्हणजे आमची मंडळी, दारात येऊन उभी राहिली. तिने फटफटीभोवती एक चक्कर मारली.

"हे काय आणलंत?"

"फटफटी!"

"मला तर नुसत्या फटीच दिसतायत! आणि सांगून ठेवते, या भंगारावर मी या जन्मात बसायची नाही."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी टूलरूममध्ये भर पाळीत जाहीर केलं, "पंधरा दिवस! सोळाव्या दिवशी फटफटीवरून कामाला येतो. नाही आलो तर मिशी उतरवतो!"

हे कस्तुराला कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "अहो, आमच्या आबांनी तुमच्यात दुसरं काय बघितलं होतं? मिशी बघूनच तर दिली मला!"

तर असं सगळं पणाला लागलं आणि मी कामाला लागलो.

दीड खोलीचं घर आमचं. अर्ध्या खोलीत फटफटी, एका खोलीत फटफटीचे सुटे भाग. आम्ही दोघं राहिलेल्या जागेत. गंज काढायला घरातलं सगळं रॉकेल संपलं, तेव्हा शेजारणीचं आणलं. नट, बोल्ट, वायसर हरवू नयेत म्हणून मी ते कस्तुराच्या मिसळणाच्या डब्यात नीट लावून ठेवले. जिऱ्याच्या जागी बारीक, मोहरीच्या जागी त्याहून बारीक. व्यवस्थितपणा म्हणजे व्यवस्थितपणा! संध्याकाळी वरणात कडकन काहीतरी लागलं.

"खडा आहे वाटतं," मी म्हणालो.

"खडा नाही, तुमच्या गाडीचा दात आहे!" कस्तुरा कडाडली. "उद्यापासून जेवण गॅरेजमध्ये जाऊन करा!"

तिसऱ्या दिवशी धोंडीबा दारात हजर. चेहरा सुतकी.

"सायेबराव, म्हस दूध देत न्हाई."

"मग मी काय करू?"

"तिला मान घासाया त्ये मागचं पत्र्याचं लागतंय. दोन दिस झाले, नुसती रिकाम्या जागेकडं बगून हंबरती."

म्हशीच्या भावनांपुढे माझं काय चालणार? मागचा मडगार्ड काखोटीला मारून धोंडीबा चिखलीला गेला. म्हैस पान्हावली, असा निरोपही दुसऱ्या दिवशी आला.

मी डगमगलो नाही. टाकीला भोक होतं, तिथे साबण चोपडला. पेट्रोलच्या नळाची मूठ हातात आली, तेव्हा नळ कायमचा उघडा ठेवला. सगळं जोडून झाल्यावर मूठभर सामान उरलं. मी ते डब्यात टाकून दिलं. गाडी इंग्रजी बनावटीची, आणि इंग्रज लोक प्रत्येक गोष्टीला नको इतके बोल्ट लावतात!

राहता राहिला ब्रेक. पुढच्याची तार नव्हती, मागच्याची दांडी गंजून तुटली होती. आणि उजाडला सोळावा दिवस! कस्तुरा म्हणाली, "अहो, आधी ब्रेक तरी लावा."

"अगं, आधी गाडी चालू तर दे! जी चालतच नाही तिला थांबवायचं कशाला?"

हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

माझी दुसरी पाळी होती. दुपारी अडीचला अख्खी चाळ जमली. मी किक मारली. एक, दोन, दहा, बावीस! तेविसाव्या किकला आत कुणीतरी खोकलं, शिंकलं आणि धडाम! चाळीतली कावळ्यांची वस्ती उठली. धूर असा निघाला की समोरच्या जाईबाईंनी वाळत घातलेल्या पापडांचा रंग बदलला. पण इंजिन चालू! धड-धड-धड-धड! मी मिशीवर हात फिरवला, गिअर टाकला आणि निघालो.

पहिले साडेतीन मैल मी राजा होतो. मग मी क्लच दाबला आणि क्लचची तार तुटली. हरकत नाही म्हणून ॲक्सिलेटर सोडला. ॲक्सिलेटर परत आला नाही! तो जो अडकला तो अडकला. ब्रेक नाही, क्लच नाही, नळाला मूठ नाही, किल्ली तर त्या गाडीला जन्मापासून नव्हती. ती वाटेल तिकडे निघाली होती आणि मी फक्त तिच्यावर बसलो होतो.

समोर कंपनीचं गेट. गेटवर तोबा गर्दी! पहिली पाळी सुटत होती, दुसरी आत जात होती, आणि मध्ये स्टुलावर उभे राहून आमच्या युनियनचे सेक्रेटरी मारुतराव भाषण करत होते. गेला महिनाभर ते रोज भाषण करायचे आणि लोक रोज शेंगदाणे खायचे.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "बाजूला व्हा! थांबत नाही! आता थांबत नाही!"

गर्दी दुभंगली. त्याच वेळी एक ट्रक आत सोडायला वॉचमनने गेट सताड उघडलं होतं. वॉचमन रिटायर फौजी. मिल्ट्री रंगाची गाडी अंगावर येताना बघून त्याने टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला आणि मी ट्रकच्या बगलेतून आत!

मागे मारुतरावांचा आवाज आभाळाला भिडला. "ऐकलंत? साहेबराव म्हणतो आता थांबत नाही! अरे, तो एकटा घुसला आत! आपण थांबायचं काय?"

"नाही!" चारशे माणसं गरजली.

आमच्या ऑफिससमोर गोल बाग होती. सरळ गेलो असतो तर मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो असतो, म्हणून मी हँडल वळवलं आणि बागेला चक्कर मारली. गाडी थांबेना म्हणून दुसरी मारली. तिसऱ्या चक्करीला बघतो तर माझ्यामागे चारशे माणसं पळतायत!

"थांबत नाही! थांबत नाही!" मी बोंबललो.

"थांबणार नाही! थांबणार नाही!" ते ओरडले.

"अरे, कुणीतरी धरा रे मला!"

"साहेबराव, आगे बढो!"

ऑफिसच्या खिडक्या फटाफट उघडल्या. टायपिस्ट बाहेर आल्या. बागेतल्या माळ्याने पाण्याची नळी टाकून झाड गाठलं. किती चक्करा झाल्या ते मला आठवत नाही. मारुतराव नंतरच्या सभांमधून सांगायचे, एकवीस.

शेवटी साबण विरघळला. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल भोकातून वाहून गेलं, गाडीने दोन आचके दिले आणि ती बरोब्बर पोर्चमध्ये, मॅनेजर साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबली.

एकदम शांतता! चारशे माणसांच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे चार्जशीट तरंगायला लागली. बेशिस्त, दंगल, बागेची नासधूस... नोकरी गेली! आठ वर्षांची नोकरी, कंपनीची चाळ, सगळं गेलं! आता कस्तुराला काय सांगू?

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "शांत व्हा. काय म्हणणं आहे तुमचं?"

माझं तोंड काजळीने काळं. मी कसाबसा म्हणालो, "साहेब... ब्रेक... ब्रेकच नव्हता हो!"

साहेब मारुतरावांकडे वळले. "दुसऱ्या पाळीला ब्रेक नाही?"

मारुतरावांच्या खिशात अकरा मागण्यांचा कागद होता. त्यात चहाच्या ब्रेकचं नावही नव्हतं. पण ते मुरलेले पुढारी! "नाही साहेब! पहिलीला आहे, दुसरीला नाही! जेवणाची सुट्टी सोडली तर माणूस थांबतच नाही!"

"तसं नाही हो," मी म्हणालो, "क्लच पण तुटला—"

मारुतरावांनी माझ्या पायावर असा पाय दिला की पुढचं "पार तुटला, साहेब!" हे मी अक्षरशः रडत म्हणालो.

साहेबांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "माणूस तुटतोय, दिसतंय मला," ते हळूच म्हणाले. "ठीक आहे. सोमवारपासून दुसऱ्या पाळीला दहा मिनिटं चहाचा ब्रेक. आता कामाला लागा."

अहो, काय तो जल्लोष! मला खांद्यावर घेतलं. हार कुठून आला कोण जाणे! मी वरून ओरडून सांगत होतो, "मारुतराव, मला गाडी थांबवता येत नव्हती हो!"

"बघा, पुढारी असावा तर असा!" मारुतराव गर्दीला सांगत होते. "एवढं करून श्रेय घेत नाही!"

घरी येऊन मी तो हार कस्तुरापुढे ठेवला. तिला बातमी आधीच पोचली होती. ती हाराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"कुठला ब्रेक, ते मला बरोबर ठाऊक आहे," ती म्हणाली. पण हसली! लग्नाच्या नवव्या वर्षी अशी हसली की मी पुन्हा एकदा मिशीवर हात फिरवला. "ब्रेक बसवा पक्का. मग रविवारी देहूरोडला माझ्या बहिणीकडे जाऊ. फटफटीवर."

तिच्या या शब्दांपुढे चहाचा ब्रेक म्हणजे काहीच नाही! मी चार दिवस राबलो. नवी दांडी, नवी तार, नवा क्लच. ब्रेक तर असा आवळला, असा आवळला की साक्षात आगगाडी थांबावी.

रविवारी कस्तुरा नवं पातळ नेसून आली. चाळ पुन्हा जमली. ती मागे बसली, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळला, दोन्ही हातांनी माझा शर्ट मुठीत धरला आणि डोळे गच्च मिटले.

"सावकाश हं," ती म्हणाली.

पहिल्या किकला इंजिन चालू! गिअर टाकला, क्लच सोडला. धड-धड-धड-धड! गाडी जागची हलेना. मी ॲक्सिलेटर पिळला. क्लचच्या प्लेटा नुसत्या घासत होत्या आणि मागचं चाक ब्रेकने असं धरलं होतं, जसं मुंगळ्याने गुळाला. आणखी पिळला. सीट थरथरली, हँडल थरथरलं, आम्ही दोघं गदागदा हललो. चाळ तोंडावर पदर नि रुमाल धरून उभी. एक इंच नाही, मंडळी, एक सूत नाही!

आता उतरावं आणि खरं काय ते सांगावं म्हणून मी मागे वळलो, तर कस्तुराने माझ्या पाठीत तोंड खुपसलं.

"अहो, किती वेगात! जरा हळू चालवा ना, मला भोवळ येते!"

मी काय करणार? हळू केली.