पट्टीसकट फोटो

फौजदाराच्या परीक्षेत भाऊसोंची लेक प्रीती मुलींमध्ये राज्यात पहिली आली आणि मुंबईच्या एका बातम्यांच्या चॅनेलने तिला मुलाखतीला बोलावलं. कोल्हापूरच्या एसटी वर्कशॉपात उभा जन्म नट-बोल्टांवर पाने फिरवलेल्या भाऊसोंची छाती फुगली, पण लगेच घोरही लागला. मुलाखत पाच मिनिटांत संपणार. मग पोरगी टीव्हीवर दिसली होती, हे न बघितलेल्यांना दाखवायचं कसं?

वाट काढली पुतण्याने. प्रसेनजीतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवलं की त्यावर केबल दिसते आणि बटण दाबलं की चालू चित्राचा फोटो निघतो, असं तो म्हणाला. मुलाखतीच्या दिवशी सगळी गल्ली भाऊसोंच्या घरात टीव्हीपुढे बसली आणि स्वतः भाऊसो दुकानात, पुतण्याच्या मानेवर श्वास सोडत.

"दाब, दाब. हसली बघ."

प्रसेनजीतने दाबलं. फोटोत प्रीतीचे डोळे मिटलेले. पुन्हा दाबलं, तर तोंड अर्धवट उघडं. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत दंतमंजनाची जाहिरात आली होती. शेवटी एक फोटो मनासारखा निघाला. मान ताठ, नजर सरळ, ओठांवर जरासं हसू.

"काका, आजूबाजूचं कापून नुसता चेहरा ठेवू?"

"काय नगं कापू. चॅनेलचं नाव, खालची पट्टी, समदं दिसाय पायजे. न्हायतर लोक म्हणतील, स्टुडिओत बसवून काढलाय."

त्याच फोटोचा दहा फुटी डिजिटल बोर्ड झाला. 'आपल्या प्रीतीचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त गल्ली.' दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रसेनजीतने तो स्टँडकडच्या कोपऱ्यावर बांधला.

भाऊसो इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसले. लोक अभिनंदनाला येतील, पेढे द्यावेत, असा बेत. पण येणारा-जाणारा खाली मान घालून पुढे सरकत होता. समोरच्या धोंडुबाईने तर येऊन हळूच विचारलं, "भाऊसो, येका रातीत कसं वो झालं? वकील बघितलासा का न्हाय?"

"वकील कशाला? फौजदार झालीया ती."

"व्हय, व्हय," धोंडुबाई मायेने म्हणाली. "मनाला लावून घेऊ नगा."

भाऊसोंना काही उलगडेना. तेवढ्यात कुरुंदवाडची त्यांची थोरली बहीण आक्का पिशवी छातीशी धरून रडत गल्लीत शिरली. ती पोरीचं कौतुक करायलाच निघाली होती. स्टँडवर उतरल्यावर तिला कोपऱ्यावर भाचीचा फोटो दिसला. वाचता येत नव्हतं, म्हणून तिने शेजारच्या माणसाला विचारलं, "पावणं, काय लिवलंय वो?" पावण्यांनी मोठी अक्षरं आधी वाचली.

"काय लिवलंय?" भाऊसोंनी विचारलं.

"घरफोड्या करणारी महिला अखेर जेरबंद," आक्काने हुंदका देत सांगितलं. "आन् खाली समस्त गल्लीच्या शुभेच्छा."

भाऊसो चपला न घालताच कोपऱ्यावर धावले. बोर्डासमोर घोळका जमला होता. टीव्हीवर प्रीतीच्या खालून सरकत गेलेली दुसरीच बातमी फोटोत नेमकी थांबली होती आणि आता एकेक अक्षर वीतभर झालं होतं. काल भाऊसोंनी काय आणि प्रसेनजीतने काय, पोरीच्या चेहऱ्याखाली नजरच नेली नव्हती.

प्रसेनजीत शिडी आणि खळ घेऊन आला आणि त्याने पट्टीवर वर्तमानपत्र चिकटवलं. मग तर गर्दी दुप्पट झाली. जे वाचून पुढे गेले होते, तेही काय झाकलंय ते बघायला परत फिरले. एकाने काठीने कागद उचकटून बाकीच्यांना वाचून दाखवलं.

भाऊसो शिडीवर चढले. लाजेने आणि संतापाने त्यांचा आवाज चिरकत होता. "आयका. माझी पोरगी चोर न्हाय. पोलीस हाय ती. फौजदार."

मागून धापा टाकत आलेल्या आक्काने डोळे पुसले.

"म्हंजे त्या बाईला आमच्या पिरतीनंच धरली की."

भाऊसो 'तसं न्हाय' म्हणणारच होते. पण खाली उभ्या माणसांच्या माना एकदम ताठ झाल्या. कुणीतरी म्हणालं, "ट्रेनिंगच्या आधीच धरली बघा." दुसरा म्हणाला, "कोल्हापूरचं पाणीच तसलं." प्रसेनजीतने वर काकाकडे बघितलं. काका उरलेला कागद सोलत होते.

संध्याकाळी प्रीती मुंबईहून परतली, तेव्हा स्टँडवर हलगी वाजत होती. गुलालाने ती ओळखू येईना. घरात तिच्या आईने, म्हणजे बायडाबाईने, लेकीला ओवाळलं. प्रीतीने बापाला बाजूला घेतलं.

"बाबा, मी कुणाला पकडलंय म्हनं?"

"अजून कुणाला न्हाय," भाऊसो खाली बघत म्हणाले. "पर लोकांची खात्री पटलीया."

ती काही बोलणार तोच धोंडुबाई दारात आली. पदराने घाम टिपत ती प्रीतीपुढे बसली.

"लेकी, दिवाळीपास्नं माझा तांब्याचा हंडा गेलाय. तेवढा बघतीस का?"

प्रीतीने बापाकडे बघितलं. भाऊसोंनी छपराकडे बघितलं. मग तिने केसांतला गुलाल झटकला आणि धोंडुबाईजवळ मांडी घातली.

"शेवटचा कुणी बघितलाता?"