मिऱ्यांचे पतपत्राचा निवाडा कोणाचे हद्दीत, त्याची हकीकत

श्री विघ्नहर्त्यास नमन. त्याने सकळांची विघ्ने हरावी, फिर्यादी तेवढ्या ठेवाव्या, कारण न्यायसभेची चूल त्यांवरच पेटते. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरी, समुद्रकाठचे एका राज्यात विसाजीपंत म्हणून न्यायाधीश होते. पंत विद्वान, शांत आणि भोजनोत्तर निद्रेचे मोठे भक्त. कोणतीही फिर्याद आली की ऐकून घ्यावी, मान डोलवावी आणि "हे आमचे हद्दीत येत नाही" म्हणोन वाटेस लावावी, ऐसा त्यांचा परिपाठ. आणि त्यामुळे त्यांचा एकही निवाडा कधी चुकला नव्हता.

ऐसे असता बंदरावरील मिऱ्यांची व्यापारीण भिवराई शेटीण न्यायसभेत आली आणि तिने हकीकत निवेदन केली. पैलतीरचे राज्यातील एका व्यापाऱ्याने तिजपासून गलबतभर मिरी मागविली, आणि अनोळखी माणसावर भरवसा कोण ठेवतो, म्हणोन तेथील पेढीकडून पतपत्र लिहवून पाठविले, की माल गलबतात चढल्याचे कागद बंदरचे नारो सावकारांस दाखवावे आणि त्यांजपासून रोख रुपये घ्यावे. मग मिरी गेली, पैलतीरी उतरली, आणि आमटीत पडून लोकांनी खाल्लीही, आणि भिवराई कागद घेऊन गेली तो सावकार चाळिशी लावून म्हणाले, "पतपत्रात मिरे लिहिले आहे, तुमचे कागदात मिरी. माल जुळत नाही. पैसे मिळणार नाहीत."

पंतांनी ऐकिले आणि आतून दचकले. कारण नारो सावकार म्हणजे सरकारचे धनको. महाराजांनी त्यांजपासून कर्ज काढून हत्ती घेतला होता, आणि हत्ती खात होता आणि व्याज वाढत होते. मग पंत गोड आवाजात बोलिले, "बाई, पतपत्र पैलतीरी लिहिले, सबब फिर्याद पैलतीरी." भिवराई होडीत बसून पैलतीरी गेली. तेथील न्यायाधीश बोलिले, "कागद तुमचे तीरी दाखविले, सबब फिर्याद तुमचे तीरी," आणि विडा देऊन तिची बोळवण केली. मग ती वाटेत सारे पोट समुद्रास अर्पण करून परतली, आणि धक्क्यावरून थेट न्यायसभेत आली, ती नेमकी पंतांचे डोळे मिटण्याचे वेळी.

"पुन्हा तुम्ही?" पंत बोलिले.

"तिकडचे न्यायाधीश तुमचेच भाऊ शोभतात, पंत. आता काय मधल्या समुद्रात माशांपुढे फिर्याद मांडू?"

"बाई, विचार करा. पत्र लिहिले तिकडे, माल उतरला तिकडे, खाल्ला तिकडे. इकडे घडले काय?"

"मला पैसे मिळाले नाहीत, हे इकडे घडले."

"न मिळणे हे घडणे कैसे?"

"तुमचा मुशाहिरा, म्हणजे दरमहाचा पगार, थकला आहे म्हणतात," भिवराई म्हणाली. "तो न मिळणे कुठे घडते?"

हत्ती आला तेव्हापासून मुशाहिरा थकला होता, आणि ते न मिळणे खजिन्यात घडत नव्हते, हे पंतांस पक्के ठाऊक. खजिनदार तर मजेत होता. ते घडत होते पंतांचे माजघरात, रोज सकाळी, कुटुंबाचे मुखातून, शेजाऱ्यांस ऐकू जाईल ऐसे. हे मनात आले आणि पंतांची झोप उडाली, आणि कानशिले तापली, आणि मग त्यांनी बोरू घेऊन लिहिले की, जेथे पैसे द्यावयाचे ठरले तेथेच ते न देणे घडले, सबब हद्द आमची. आणि मिरे एक व मिरी अनेक, एवढाच भेद, शंका असल्यास सावकारांनी एक आणि अनेक दोन्ही चावून पाहावी. आणि खाली शिक्का मारिला.

सावकारांनी रुपये मोजून दिले आणि तडक महाराजांकडे जाऊन म्हणाले, "हत्तीचे कर्ज राजवाड्यात फेडावयाचे ठरले होते. आता ते न फेडणेही राजवाड्यातच घडते, आणि राजवाडा पंतांचे हद्दीत." महाराजांनी पंतांस बोलाविले.

"पंत, ही हद्द तुम्ही कोठून काढली?"

"महाराज, ती तेथेच होती. आम्ही डोळे मिटून होतो."

महाराज हसले नाहीत. हुकूम झाला की, येथून पुढे सरकारचे देणे समुद्रातील कासवखडकावर फेडले जाईल, जो भरतीस बुडतो आणि कोणत्याच राज्याचा नाही. आणि पंतांस त्या खडकाचे न्यायाधीश नेमिले. मग पंत छत्री आणि चटई घेऊन खडकावर गेले, आणि मागोमाग सावकार पदरचे भाडे भरून फिर्याद घेऊन आले. पंतांनी "वाचा" म्हटले, तो पाणी घोट्याशी आले, आणि सावकार कलम वाचीत गेले तैसे पाणी गुडघ्याशी आले, आणि दोघे एकाच छत्रीखाली उभे राहिले.

"पंत, हे तुमचे हद्दीत येते की नाही?" सावकारांनी विचारिले.

"येत होते," पंत बोलिले, "आत्ताच बुडाले."

येणेप्रमाणे भिवराईचे रुपये वसूल झाले, सावकारांची फिर्याद ओहोटीपर्यंत तहकूब आहे, आणि हत्ती खुशाल आहे. इतकेच लिहिणारास ठाऊक.