आडवी होणारी सीट

पैसे मोजून विमानात बसणारी माणसं मला भोळी वाटतात. म्हणजे, वाटायची. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारपर्यंत मी ऑफिसात, जिन्यात, दाढी करताना सलूनवाल्याला, जिथे कान मिळेल तिथे हेच ऐकवत होतो, की क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स नीट वापरता आले तर तिकिटाला दमडी लागत नाही. नीट वापरणं म्हणजे काय, तेही सांगायचो. समोरच्याने विचारलेलं नसलं तरी.

"पॉइंट्स देऊन मिक्सर घेणारा माणूस," मी म्हणायचो, "फळतं झाड सरपणासाठी तोडतो. पॉइंट्सची खरी किंमत एकाच ठिकाणी मिळते. विमानात, आणि तेही पुढच्या सीटवर."

सलूनवाला म्हणायचा, "मान सरळ ठेवा."

या सगळ्याची सुरुवात बायकोच्या ताईपासून झाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिच्या वेण्या ताईने घातल्या, अभ्यास ताईने घेतला, आणि लग्नाआधी 'अजून एकदा विचार कर' असंही ताईनेच सांगितलं. ताई राहते विमानाने सात तासांवर. तिथल्या शाळेत शिकवते. नऊ वर्षं झाली, दोघी बहिणी फक्त फोनवर भेटतात.

बायको घरी शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "शिवणाचे पैसे साठलेत. दोघं ताईकडे जाऊन येऊ."

"पैसे देऊन?" मला हसूच आलं. "जरा थांब. फुकट नेतो. आणि साधंसुधं नाही, पुढच्या भागात बसवून नेतो. तिथली सीट पूर्ण आडवी होते. पाय ताणून झोपायचं, सात तास."

"मला झोपायला नाही जायचं. ताईला भेटायला जायचंय."

पण थांबली बिचारी. माझ्या शब्दावर थांबली, हे लक्षात ठेवा. मला पुढे ते फार वेळा आठवलं.

मग मी पॉइंट्सच्या मागे असा लागलो की विचारू नका. कोणी पाकीट काढलं की मी आडवा हात घालायचो. "थांबा, मी कार्डाने देतो, तुम्ही मला रोख द्या." आमच्या हिशेब विभागात एक गृहस्थ आहेत, सतत थर्मास घेऊन फिरतात म्हणून त्यांना सगळे थर्मासच म्हणतात. त्यांचा फ्रिज माझ्या कार्डावर आला. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा एसी माझ्या कार्डावर. शेजारच्या आजींच्या चष्म्याच्या दुकानात तर मी त्यांच्यासोबत इतका हौसेने गेलो, की दुकानदाराला वाटलं मुलगा असावा तर असा. आजी मात्र ओळखून होत्या. म्हणाल्या, "ह्याला माझ्या डोळ्यांचं काही नाही, ह्याला पॉइंट्स हवेत."

दोन वर्षांत जमले एक लाख चौऱ्याऐंशी हजार. पुढच्या दोन आडव्या सीटा, जाऊन-येऊन, एक लाख ऐंशी हजारांत बसत होत्या. वर चार हजार शिल्लक. त्या दिवशी मी घरभर शीळ घालत फिरलो.

आणि वेळही कशी जुळून आली बघा. ताई निवृत्त व्हायची होती. अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, शाळेत तिचा निरोप समारंभ. बायकोने ताईसाठी निळा ड्रेस शिवायला घेतला. मापं फोनवर मागवली होती, पण तिचा त्यांच्यावर भरवसा नव्हता.

"ताई कंबर नेहमी दोन इंच कमी सांगते," ती म्हणाली. "बाजूची शिलाई कच्चीच ठेवलीय. शेवटची टीप तिथे जाऊन, तिच्या अंगावर बघून मारणार. नक्की जातोय ना आपण? नाहीतर आत्ताच सांग, अंदाजाने मारून पार्सल करते."

"नक्की," मी म्हणालो. "मंगळवारी तिकिटं हातात."

आता थोडं माझ्या नोकरीविषयी. आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. साहेब ती झाकणं विकायला देशोदेशी फिरतात, आणि त्यांना फिरवतो मी. तिकीट, खोली, खिडकीची जागा, कमी मिठाचं जेवण, सगळं माझ्याकडे. सतरा वर्षं. विमान कंपनीच्या फॉर्मवर माझी बोटं आपोआप चालतात, डोकं दुसरीकडे असलं तरी.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. मी बँकेचं पान उघडलं. कार्डाचे पॉइंट्स आधी विमान कंपनीच्या खात्यात पाठवायचे, मग तिथून तिकिटं काढायची, अशी रीत असते. यासाठी मी माझं स्वतःचं सभासद खातं आदल्या आठवड्यातच उघडलं होतं. पानावर लाल अक्षरांत सूचना होती: 'एकदा पाठवलेले पॉइंट्स परत मिळणार नाहीत.' मला वाटलं, लाल अक्षरं नवशिक्यांसाठी असतात.

'सभासद क्रमांक टाका.' टाकला. 'खात्रीसाठी पुन्हा टाका.' पुन्हा टाकला. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. बटण दाबलं, हात चोळले, आणि विमान कंपनीचं माझं खातं उघडून बसलो.

शून्य.

पाच मिनिटं थांबलो. शून्य. चहा घेऊन आलो, तरी शून्य. शेवटी बँकेला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, पॉइंट्स पोहोचलेत. सभासद क्रमांकाचे शेवटचे आकडे चार, चार, सात, एक."

चार-चार-सात-एक मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. तो साहेबांचा नंबर. सतरा वर्षं जो नंबर टाकत आलो, तोच बोटांनी टाकला. आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा टाकला.

"मॅडम, ते परत—"

"सर, लाल अक्षरांत लिहिलंय."

मी फोन ठेवला, तेवढ्यात केबिनमधून हाक आली.

साहेब खुशीत होते. माणूस एरवी इतका गंभीर, की त्यांच्या हसण्याची तारीख आम्ही कॅलेंडरवर मांडून ठेवतो. थर्मास आधीच उभे होते समोर.

"बघ," साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला. "एक लाख चौऱ्याऐंशी हजार. आपणहून दिलेत. सतरा वर्षं मी ह्यांच्या विमानांत पाठ मोडून घेतली, शेवटी त्यांना लाज वाटली असणार."

"अभिनंदन, साहेब," थर्मास म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो, "त्या पॉइंट्सबद्दलच जरा..."

"तेच म्हणतोय. बस इथे. मला ह्यातलं कळत नाही, तुला कळतं. ही खुर्ची बघ."

कॉम्प्युटरवर विमान कंपनीचं बक्षिसांचं पान उघडं होतं. त्यावर एक काळी, फुगीर, मालिश करणारी खुर्ची. मान, पाठ, पोटऱ्या, सगळं दाबून देते. किंमत एक लाख चाळीस हजार पॉइंट्स.

आता कोणीही शहाणा माणूस या क्षणी म्हणाला असता, 'साहेब, ते पॉइंट्स माझे आहेत.' पाच शब्द. पण एक लाख चाळीस हजार पॉइंट्स देऊन खुर्ची? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं नुकसान होतंय हे मी क्षणभर विसरलोच. मला दिसत होता तो फक्त पॉइंट्सचा अपमान.

"साहेब, हा आतबट्ट्याचा सौदा आहे," मी खुर्ची ओढून बसलो. "पॉइंट्स खुर्चीवर घालवायचे नसतात. बाजारात ही खुर्ची घ्या आणि तेवढ्याच पॉइंट्सची तिकिटं मोजा, चौपट फरक पडतो." मी कागद घेतला. रेघा मारल्या. सुट्टीतला दर, बिनसुट्टीचा दर, पुढची सीट, मागची सीट. थर्मासांनी मध्ये चहा ओतून घेतला, तरी माझं चालूच.

"पण मला विमानात बसायचंच नाही," साहेब म्हणाले.

"प्रश्न बसण्याचा नाहीच, साहेब. प्रश्न किमतीचा आहे. एका पॉइंटला—"

"माझी पाठ दुखते."

"पाठ दुखते म्हणून कोणी फळतं झाड—"

साहेबांचं हसू केव्हाच मावळलं होतं. "सतरा वर्षं तू सांगशील त्या विमानात बसलो," ते म्हणाले. "आज मी सांगेन त्या खुर्चीत बसणार." आणि त्यांनी बटण दाबलं.

"साहेब, पॉइंट्स माझे होते," मी म्हणालो.

मग मी सगळं ओकलो. ताई, निरोप समारंभ, निळा ड्रेस, कच्ची शिलाई, आजींचा चष्मा. थर्मासांनी साक्ष दिली, की हो, फ्रिज ह्यांच्याच कार्डावर आहे.

"हे आधी सांगायचं ना," साहेब म्हणाले.

"आठ मिनिटं इथेच बसून बोलत होतो, साहेब."

"तू किंमत सांगत होतास." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझा नंबर तुला न बघता येतो?"

"झोपेतसुद्धा."

खुर्ची रद्द होते का म्हणून त्यांनी स्वतः विमान कंपनीला फोन लावला. होत नव्हती. तिथेही लाल अक्षरं होती. उरलेल्या चव्वेचाळीस हजारांत मागच्या बाजूचं, साधं, जाऊन-येऊन एक तिकीट बसत होतं. एकच.

"बायकोचं काढ," साहेब म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर. आणि नंबर बघून टाक."

आता तिकीट दुसऱ्याच्या नावाने काढायचं, तर पान विचारतं, सभासदाशी नातं काय. पर्याय होते पती, पत्नी, मुलगा, मुलगी. 'कर्मचाऱ्याची बायको' असा पर्याय कुठेही नव्हता.

"मुलगी टाक," साहेब शांतपणे म्हणाले.

टाकलं. थर्मास चहा सोडून बाहेर पळाले, आणि मी केबिनबाहेर येईपर्यंत सगळं ऑफिस मला जावईबापू म्हणत होतं. सतरा वर्षांतली माझी एकमेव बढती.

घरी गेलो तेव्हा बायको निळ्या ड्रेसवर वाकलेली होती. तोंडात टाचण्या. मला वाटलं, बरं झालं, मध्ये बोलता येणार नाही, तेवढ्यात सांगून टाकू. सांगून टाकलं. तिने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली. सात होत्या. इतक्या सावकाश खोचल्या, की प्रत्येक टाचणी मला लागली.

"मी जातेय ना पण?"

"जातेस. शुक्रवारी पहाटे पोहोचशील."

ती एकदम खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. "मला वाटलं, तू सांगायला आलायस की जमत नाही." मग नाक पुसून म्हणाली, "नंबर दोनदा टाकलास?"

"दोनदा."

"आणि दोन्ही वेळा बरोबर साहेबांचा?"

"एकही आकडा चुकला नाही."

ती हसली. बऱ्याच वेळाने थांबली. मी म्हणालो, माझं तिकीट पैसे देऊन काढतो. दर बघितला. दोन दिवसांवर आलेलं तिकीट म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे तीन एसी. "राहू दे," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी निम्म्यात दोघं गेलो असतो." मी दराचं पान बंद केलं.

ती गेली. आणि शनिवारी सकाळी चार माणसं जिन्यातून एक अजस्र खोकं घेऊन आली. सोबत साहेबांची चिठ्ठी: 'तुझे पॉइंट्स, तुझी खुर्ची. माझ्या पाठीपेक्षा तुझं तोंड बघवत नाही.' खुर्ची दारातून जाईना, दाराची चौकट थोडी गेली, शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात गेलं, तेव्हा ती बैठकीत मावली.

दुपारी मी तिच्यात बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बटण दाबलं, तशी ती हळूहळू मागे गेली आणि पूर्ण आडवी झाली. पोटऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा व्हिडिओ कॉल.

पडद्यावर शाळेचं सभागृह. पहिल्या रांगेत बायको, आणि तिला बिलगून ताई. अंगात निळा ड्रेस, कमरेला कसा चोख बसलेला. दोघींचे डोळे रडून लाल, आणि चेहरे मात्र उजळलेले. मला एकदम भरून आलं. उठून बसायला गेलो, तर खुर्ची पोटऱ्या सोडेना. खुर्चीसोबत हातातला फोनही हादरत होता, त्यामुळे त्यांना माझ्या नाकपुड्या आणि छत आलटून पालटून दिसत असावं.

"अहो, तुम्ही का नाही आलात?" ताईने विचारलं. "आणि असे आडवे का? बरं नाही का?"

"बरे आहेत," बायको म्हणाली. "झोपू दे त्यांना, ताई. दोन वर्षं ह्याच सीटसाठी पॉइंट्स जमवत होते."

मला खरं तर याला चोख उत्तर द्यायचं होतं. पण नेमका खुर्चीचा मानेचा कार्यक्रम सुरू झाला, आणि मी सगळ्या सभागृहासमोर नुसताच होकारार्थी मान डोलावत राहिलो.