तिसऱ्या मजल्यावरचे मासे

सोनटक्के मासे पकडायला हेल्मेट घालून जातो. कारखान्यात घालतात ते पांढरं, हनुवटीखाली पट्टा असलेलं. डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा, पायात लोखंडी टोकाचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, गळ मागे घेऊन फेकताना पाठीशी कोणी उभं असलं तर? आधी शिट्टी, मग गळ. "आधी सेफ्टी मावशी, मग मासा."

माझं माहेर हर्णैचं. आमच्याकडे माणसं अर्ध्या चड्डीवर समुद्रात जातात आणि मासा घेऊन येतात. शिट्टी वाजवून मासा बोलावणारा माणूस मी सौदीत अल-खोबरला येऊन पाहिला.

मी इथे मुलाकडे असते. तो कंपनीत, सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नातवंडं शाळेत. दुपारी तीनपर्यंत घरात मी आणि एसी. नातवंडं आली की मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात, आणि जेवतात मात्र वेळेवर. तक्रार नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, सोनटक्के आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर. माणूस नाशिकचा, वय पंचावन्नच्या पुढे, जुबैलच्या एका कारखान्यात इंजिनियर. पुढचे केस गेलेत. हेल्मेटमुळे गेले असतील असं मी त्याला म्हटलं होतं. त्याने ते मनावर घेऊन हेल्मेटला आतून फडकं लावलं.

शुक्रवारी पहाटे तो कॉर्निशवर, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर जातो. मुलगा एकदा आम्हाला तिकडे नाश्त्याला घेऊन गेला तेव्हा मी त्याचं काम पाहिलं. दगडांवर बंगाली, फिलिपिनो, पठाण सगळे बसलेले. कुणाकडे काठी, कुणाकडे नुसता बाटलीला गुंडाळलेला दोरा. सोनटक्केकडे तीन रॉड, दोन डबे, एक थर्मामीटर आणि एक वही. आधी पाण्याचं तापमान. मग वारा कुठला. मग वहीत भरतीची वेळ. शेजारच्या फिलिपिनोने बाटलीच्या दोऱ्यावर पाच मासे काढले, पिशवीत घातले आणि तो घरी गेला. तोवर सोनटक्केची शिट्टी वाजली.

त्याला मासे मिळत नाहीत असं नाही. मिळतात. पण मिळाला की आधी टेपने मोजायचा. बोटभर कमी भरला तर तो मासा हातात धरून त्याला सांगतो, "नापास. पुढच्या वर्षी बसा." आणि पाण्यात सोडतो. सुटून गेलेला मासासुद्धा वहीत लिहितो, पुढे कारण लिहितो. मी वही मागून पाहिली. मला तेवढं वाचता येतं. पानोपानी एकच कारण होतं: ऑपरेटरची चूक. ऑपरेटर कोण, असं विचारलं तर म्हणाला, मीच की.

मासे मग बिल्डिंगभर फिरत. वॉचमनला दोन, पहिल्या मजल्यावरच्या केरळच्या डॉक्टरांना दोन आणि आम्हाला सगळ्यात मोठा. सोनटक्के दारात उभा राहायचा, पिशवी पुढे करायचा आणि म्हणायचा, "हिने पाठवलाय." ही म्हणजे त्याची बायको. बायको मालवणची, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. हामूर आणला होता. हामूर म्हणजे आपलं हेकरूच. मला बरं वाटलं. डोक्यावर एक मालवणची बाई राहते, म्हणजे निदान कुणाशी तरी बोलता येईल.

पिशवी उघडली आणि माझं डोकं फिरलं. शेपटाकडचे खवले तसेच. कल्ले अर्धे आत. आणि पित्त फुटलेलं. अख्खं हेकरू कडू झालं, टाकून द्यावं लागलं. मालवणची बाई आणि पित्त फोडते? आमच्याकडे आठ वर्षांची पोर पित्त फोडत नाही.

पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा मी तोंडावर सांगितलं. म्हटलं, तुमच्या बायकोला सांगा, पोट चिरताना सुरी खोल घालू नको म्हणावं. तो मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, सांगतो. त्या शुक्रवारी साफी आणली होती. तिच्या पाठीवर विषारी काटे असतात, ते आधी कात्रीने कापायचे. कापले नव्हते. मी तेही सांगितलं. त्याने खिशातून वही काढली आणि उभ्याउभ्या लिहून घेतलं.

असं तीन-चार महिने चाललं. मी दर शुक्रवारी त्या बाईच्या चुका काढायची, तो वर घेऊन जायचा. आठवड्याने निरोप आणायचा, की ती म्हणाली, मावशींचं बरोबर आहे. हळूहळू सुधारणा होती. कल्ले जायला लागले. खवले तर इतके घासलेले की कातडीही जायची. पित्त मात्र फुटायचंच. मी सुनेला म्हटलं, ही बाई एक तर आळशी आहे, नाही तर तिला हाताचं काही दुखणं आहे. आणि शिष्ट तर आहेच. इतक्या दिवसांत एकदा जिना उतरून खाली आली नाही. सून म्हणाली, आम्हाला इथे येऊन वर्ष झालं, मी पण नाही पाहिलं त्यांना.

मग लिफ्टमध्ये कागद लागला. अरबी आणि इंग्रजी. मुलाने वाचून दाखवला. बिल्डिंगचा मालक बदललाय, नव्या ऑफिसचा माणूस शनिवारी घरोघर येऊन पाहणार, कुठल्या घरात फॅमिली आहे आणि कुठल्या घरात नाही.

इथली रीत मला सुनेने समजावली होती. इथे बिल्डिंगी दोन प्रकारच्या, फॅमिलीच्या आणि बॅचलरांच्या. माणूस साठ वर्षांचा असो, नातवंडं असोत, बायको गावी असली की तो बॅचलर. बॅचलर फॅमिली बिल्डिंगीत सापडला की सामान बाहेर. मला हसू आलं होतं. म्हटलं, म्हणजे माझे मालक जन्मभर मुंबईला गिरणीत होते, ते बॅचलरच म्हणायचे.

कागद लागल्यापासून सोनटक्के विचित्र वागायला लागला. आधी कधी आवाज यायचा नाही, आता सकाळी दारातून मोठ्याने ओरडायचा, "येतो गं." त्याच्या बाल्कनीत साडी वाळत पडायला लागली. हिरवी, लाल काठाची. रोज तीच. आणि ओली कधी नसायची. मी माझ्या बाल्कनीतून वर बघायची, एक थेंब गळत नव्हता. बाकी लोकांना कळलं नसेल. मला धुणं कळतं.

शुक्रवारी पुन्हा मासा आला, पुन्हा पित्त फुटलेलं. मी विळी उचलली. तो नको नको म्हणत होता, मी त्याच्या पुढून लिफ्टमध्ये शिरले. म्हटलं, मी तिला हात धरून दाखवते, एकदाच. दारापाशी येऊन तो म्हणाला, ती झोपली आहे. मी म्हटलं, सकाळी दहाला?

आत गेले. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, वर मासे. भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर कुठलीशी बाई मासा कसा कापायचा ते दाखवत होती. ओट्याशी ते हेल्मेट आणि चष्मा काढून ठेवलेला, म्हणजे मासा कापतानाही घालत असणार. आता बघितलं तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. बेडरूमचं दार उघडं होतं. पलंगावर एका बाजूला चादर चुरगळलेली, दुसऱ्या बाजूला घडी न मोडलेली.

मी काही विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. मुलीची बारावी झाली, तिला कॉलेजला नाशिकला पाठवायचं ठरलं, तिच्याबरोबर आई गेली. दोघींचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, रद्द केले, कारण राहणारच नव्हत्या. दोन वर्षांसाठी, असं ठरलं होतं. मग सासऱ्यांचं आजारपण. मग मुलीची नोकरी. पाच वर्षं झाली. कंपनी जुबैलला कॅम्पमध्ये जागा देते, एका खोलीत दोघे, जेवण मेसमध्ये, एक पैसा लागत नाही. तो गेला नाही.

"कॅम्पमध्ये बाईमाणसाला गेटच्या आत घेत नाहीत, मावशी," तो म्हणाला. "हे घर गेलं तर ती येणार कुठे?"

"येणार आहे का ती?"

"मार्चमध्ये येते म्हणाली होती."

कुठल्या मार्चमध्ये, ते मी विचारलं नाही. फ्रिजर उघडून बघितला. तिला आवडतात म्हणून ठेवलेले मासे, पिशवीत बांधून, वर नाव लिहून. हामूर. शेरी. सुरमई. काही बर्फात इतके जुने झाले होते की पिवळे पडले होते. मी म्हटलं, हे मांजरसुद्धा खाणार नाही. आणि तू स्वतः काय खातोस? तेव्हा कळलं की हा माणूस मासाच खात नाही. घरी सगळे माळकरी. लग्न होऊन इथे आल्यावर बायकोला ताज्या मासळीची आठवण यायची, बाजारातलं तिला पसंत पडेना, म्हणून हा गळ टाकायला शिकला. पुस्तक वाचून. अजून वरण-भात खातो.

मी म्हटलं, हे बघ सोनटक्के, मला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात जमलं नाही. ऑफिसचा माणूस उद्या माझ्या दारात आला आणि वरच्या बाईबद्दल विचारलं, तर मी बाई पाहिली नाही असंच सांगणार.

"सांगा मावशी," तो म्हणाला. "तुम्ही कशाला खोटं बोलायचं?" आणि त्याने मला खुर्ची पुसून दिली.

रात्रभर मला काही झोप लागली नाही वगैरे नाही. झोपले. पण शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर आठवलं की त्याच्याकडे आणखी चार मासे साफ करायचे राहिलेत आणि तो आज पुन्हा चारही पित्तं फोडणार. मी विळी घेतली आणि वर गेले. सुनेला सांगितलं, येते.

बाल्कनीत साडी होतीच. मी म्हटलं, ती आधी आत घे, कोरडी साडी कोण वाळत घालतं? तो घेऊन आला, नीट घडी घातली. मी जमिनीवर बसकण मारली, विळी पायाखाली घेतली, त्याला समोर बसवलं. पोट कुठून चिरायचं, बोट कुठे घालायचं, पित्ताची पिशवी कशी हिरवी दिसते, ती कशी अलगद काढायची. पहिलं त्याने फोडलं. मी हातावर चापट मारली. तेवढ्यात बेल वाजली.

ऑफिसचा माणूस होता, जाडा, हातात यादी. मागे आमचा वॉचमन. सोनटक्के दार धरून उभा राहिला. त्या माणसाने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. मी लुगड्याचा पदर खोचून, मांडीपुढे परात, हाताला कोपरापर्यंत रक्त. आमचा वॉचमन मला चांगलं ओळखतो, रोज खाली मला खुर्ची देतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं आणि मग छताकडे पाहायला लागला.

"फॅमिली?" ऑफिसच्या माणसाने विचारलं.

सोनटक्के दाराची कडी चाचपायला लागला. पाच वर्षं बिल्डिंगीला फसवलं, आणि वेळ आली तेव्हा हा गप्प. मग तो माणूस माझ्याकडे वळला. इथल्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, ये तुम्हारा बेटा?"

मी म्हटलं, "इसको मछली साफ करना नहीं आता. देखो, पित्त फोड़ दिया. इतना बड़ा हुआ, अभी तक मैं सिखाती."

तो माणूस हसला. म्हणाला, त्याची आईसुद्धा अशीच आहे, गावी. यादीवर खूण केली. खलास म्हणाला आणि गेला. मी एक शब्द खोटं बोलले नव्हते.

दार लागलं. सोनटक्के तसाच दाराला पाठ लावून उभा होता. मी परात बाजूला सरकवली, नळावर हात धुतले, विळी पुसली. खिडकीतून खाली बघितलं. तो माणूस गाडीत बसला, गाडी पेट्रोल पंपाच्या बाजूला वळली, दिसेनाशी झाली. वॉचमन परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. मी जायला निघाले. सुनेला येते म्हणून सांगितलं होतं, आणि चहाची वेळ झाली होती.

"थोडा वेळ बसता का मावशी?" सोनटक्के म्हणाला. खिडकीकडे तो आलाच नव्हता. "ते अजून खालीच असतील. तुम्ही जाताना दिसलात तर..."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"असतील," मी म्हटलं, आणि विळी पुन्हा खाली मांडली.