हिरवा नमुना

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत साहेबांनी बत्तीस वर्षं शहराचं पाणी उजेडात धरून पास-नापास केलं होतं. त्यामुळे आतड्यातली गाठ काढायच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी बजावलं, "जुलाबाचं औषध सगळं प्या. शेवटी फिकट पिवळं पाणीच आलं पाहिजे. आतडं साफ नसलं तर ऑपरेशनच्या टाक्यांत जंतू जातात, ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं," तेव्हा साहेब चक्क खूश झाले.

"नमुने तपासायला मला शिकवताय होय?"

घरी नाक दाबून ते ग्लासामागून ग्लास रिचवत होते आणि प्रत्येक खेपेनंतर वहीत शेरा मारत होते. 'गढूळ. नापास.' 'किंचित गढूळ. नापास.' चारच्या सुमाराला मात्र ते घाबरेघुबरे होऊन संडासातून बाहेर आले.

"अगं, हिरवं!"

"काय हिरवं?"

"नमुना! हिरवागार!"

बायकोनं सिस्टरांना फोन लावला, सिस्टरांनी डॉक्टरांना. पोट दुखत नव्हतं, उलटी नव्हती. तरी निरोप आला, ताबडतोब घेऊन या, वेळ पडली तर ऑपरेशन पुढे ढकलू. साहेब मटकन खुर्चीत बसले. ती गाठ पोटात घेऊन आणखी दिवस काढायची त्यांची ताकद नव्हती.

"अख्खं शहर पास केलं गं मी. आणि स्वतःच नापास."

बायको थेट संडासात गेली. तिनं फ्लश ओढला. भांड्यात निळंशार पाणी आलं.

"अहो, फ्लशच्या टाकीत निळी वडी मीच टाकलीय दुपारी! उद्या लेक-जावई यायचेत म्हणून."

"तू नमुन्यात भेसळ केलीस?"

"पिवळ्यात निळं मिसळलं की हिरवं होतं. एवढं तर शाळेतल्या पोरांनाही कळतं! आत जाताना पाणी बघायचं नाही का?"

पण धावत आत शिरणाऱ्याला आधी भांड्यात डोकावायला फुरसत कुठली असते? तिनं वडी काढून टाकली, निळा रंग जाईपर्यंत फ्लश ओढला, हॉस्पिटलला कळवलं आणि पुढचा नमुना स्वतः वाकून पाहिला.

"पास."

"लेखी दे."

तिनं वहीत लिहिलं, 'स्वच्छ. काळजी नसावी.' खाली झोकात सही ठोकली. ते पान फाडून साहेबांनी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मुठीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर खाटेशी आले. "गाठ पूर्ण निघाली. आणि आतडं इतकं साफ क्वचित मिळतं. शाब्बास!"

साहेब छाती फुगवायला गेले, तर टाके ताणले गेले. मग त्यांनी उशाशी बसलेल्या बायकोकडे बोट केलं.

"यांना सांगा. सही यांची आहे."