दामूकाका आणि विनापरवाना ड्रायव्हर

दामूकाका ठाकूर यांच्या घरी गेलात तर चहा नंतर मिळतो, आधी सही करावी लागते. दाराशी स्टुलावर एक लांबट वही आहे आणि तिला दोरीनं बांधलेलं पेन. नाव, काम, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. दूधवाला सही करतो, गॅसवाला करतो. काकांची सख्खी बहीण भाऊबीजेला आली, तेव्हा तिनं कामाच्या रकान्यात 'ओवाळणे' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मी तर भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. तरी एकदा साखर मागायला गेलो, तर 'साखर, एक वाटी' असं लिहावं लागलं. निघताना काकांनी वाटीत डोकावून खात्री केली.

काकांचा सगळा जन्म रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर गेला. सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून रिटायर झाले आणि आता रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात दोन खोल्यांचं गेट सांभाळतात. त्यांचा एकच ठरलेला प्रश्न आहे, "कुनाच्या परवानगीनं?" अंगणात मांजर आलं की त्याला विचारतात. डॉक्टरांनी सांगितलं की तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय, तर त्यांनाही विचारलं.

त्यांच्या घरात आणखी एक नियम होता. पेणचं नाव काढायचं नाही.

त्याचं कारण त्यांची मुलगी मनीषा. तिला पेणला दिली होती, रामवाडीत. तीन वर्षांनी ती परत आली. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. दोघांचं जमलं नाही, एवढंच. घटस्फोटाचे कागद झाले आणि ती इथं एका लॅबमध्ये कामाला लागली. मनीषा सावरली, पण काका नाही सावरले. पोह्याचे पापड बंद झाले, कारण ते पेणचे. आम्ही एकदा एसटीनं पनवेलला निघालो होतो. वडखळ मागं पडलं तसं काकांनी डोळे गच्च मिटले. रामवाडीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. काका डोळे मिटूनच मला विचारत होते, "गेलं का?"

"काय?"

"ते गाव."

त्या लग्नानं काकांना एक व्याही मिळाला होता. जनार्दनआप्पा. मिठागरावर हयात घालवलेला, काळासावळा, हसरा माणूस. आप्पा सुनेला माहेरी घेऊन आले की बाहेरच्या खोलीत कॅरम मांडला जायचा. जेवायला चला, जेवायला चला म्हणून मनीषा दमायची, पण हे दोघं उठायचे नाहीत. कागद झाले त्याच दिवशी काकांनी आप्पांचा नंबर फोनमधून पुसला. आणि कॅरमबोर्ड माळ्यावर चढवला.

पुढं मनीषानं घरात एक जुना कंप्युटर आणला, आणि काका त्यावर ऑनलाइन कॅरम खेळायला शिकले. दुपारी चार वाजता दार लोटून बसायचे. कुणाबरोबर खेळता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हाय कुनीतरी. मला काय ठाव? मशीन लावून देतं."

त्या सोमवारी मी सेकंड शिफ्टला निघालो होतो, तेवढ्यात काका माझ्या दारात आले. स्वतःच्या वहीत सही न करता.

"दिनेश, मशीनमधी कोन तरी शिरलाय."

मी कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात, मीटर-गेजच्या दुरुस्तीला आहे. त्यामुळे बटण असलेली कुठलीही वस्तू मला दुरुस्त करता येते, असा काकांचा समज आहे. जाऊन पाहिलं. एरवी कंप्युटर ठीक चालत होता, पण कॅरम उघडला की पडदा थरथरायचा, सोंगट्या गायब व्हायच्या, स्ट्रायकरच्या मागं लांबलचक शेपूट निघायचं आणि सगळं काळं.

"काका, स्क्रीनवर चित्र काढणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा नवा अवतार आपोआप आलाय. तो या जुन्या मशीनला मानवत नाही."

"आपोआप? कुनाच्या परवानगीनं?"

"अपडेट रात्रीतून येतं."

"म्हंजे नाइट शिफ्टला घुसला," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला रजा टाकावीशी वाटली. पण शिफ्ट चुकवता येत नव्हती.

मंगळवारी कामावर जाण्याआधी बसलो. डिव्हाइस मॅनेजर उघडला, ग्राफिक्सचं नाव शोधलं, तिथं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण सापडलं. म्हणजे नव्याला घालवायचं आणि जुन्याला परत कामावर घ्यायचं. बटण दाबल्यावर कंप्युटरनं विचारलं, का परत पाठवताय? कारण निवडा.

काका खूश झाले. "बघ, कारन इचारतो. शिस्तीचा हाय. लिव, गेटवर नोंद केली नाय."

ते कारण यादीत नव्हतं. मी 'आधीचा जास्त भरवशाचा होता' यावर खूण केली. पडदा काळा झाला. मग चित्र आलं, स्वच्छ. मी कामावर गेलो. आणि चार वाजायच्या आत तो नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसला.

"हाकलला तो मागच्या दारानं आला!" बुधवारी काका म्हणाले. दाढी केलेली नव्हती. "दिनेश, आज चौथा दिवस. चार दिस मी गेलो नाय तिकडं."

"काका, खेळच तर आहे. दोन दिवस थांबा."

"माझं जाऊ दे रे. समोरचा काय म्हनंल? मेला म्हनंल म्हातारा." मग हळूच म्हणाले, "त्याचं पन वय झालंय."

गुरुवारी माझी सुट्टी होती. सकाळीच जाऊन ड्रायव्हर पुन्हा मागं नेला, आणि या वेळी अपडेटही थांबवून ठेवलं. मग कॅरम उघडला.

बोर्ड दिसला. त्याच्या बाजूला निरोपांची रांग होती. 'खारेपाटवाला तुम्हाला खेळायला बोलावत आहे.' रविवारी चारला. सव्वाचारला. साडेचारला. सोमवारी. मंगळवारी सहा वेळा. बुधवारी सकाळी सात वाजता एकदा. मी वाचत खाली जात राहिलो आणि रांग संपेना. खारेपाट म्हणजे पेणच्या खाडीकडची मिठाची जमीन. मी काकांकडं पाहिलं. काका खिडकीबाहेर पाहत होते.

नावाशेजारी हिरवा ठिपका होता. सकाळचे दहा वाजलेले, पण समोरचा हजर होता. काका खुर्चीत सरकले. डाव सुरू झाला. काकांचा पहिलाच फटका चुकला. दुसराही.

लॅबला निघालेली मनीषा डबा घ्यायला आत आली आणि आमच्या मागं उभी राहिली. काकांनी पडदा हातानं झाकायचा प्रयत्न केला. एवढा मोठा पडदा, एवढासा हात.

"झाकू नका, बाबा," ती म्हणाली. "राणी शेवटपर्यंत कोपऱ्यात ठेवून कोण खेळतं, मला माहीत नाही का? तीन वर्षं चहा दिलाय मी त्या कॅरमवर."

काकांनी मान खाली घातली. "तुला कधीपास्नं...?"

"पहिल्या महिन्यापासून." तिनं डबा पिशवीत ठेवला. "बाबा, माझं त्यांच्या मुलाशी जमलं नाही. तुमचं दोघांचं मोडायला कुणी सांगितलं होतं? चार दिवस वाट बघतायत ते. फोन करा."

"नंबर नाय माझ्याकडं."

मनीषानं आपला फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली. रिंग फार वेळ वाजली नाही.

"हॅलो? कोन?"

काकांनी फोन जवळ ओढला. माझ्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. शेवटी काका घसा खाकरून म्हणाले, "आप्पा, पाळी तुमची हाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"व्हय, व्हय. दम धरा जरा. चष्मा पुसतोय."