न हरवलेल्या तीन किलोंचा तपास

माझं नाव हिरामण. पेण आगारात सव्वीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली एकोणीस पेण-रोहा गाडीवर. मी नुसतं बघितलं, की आईच्या मांडीवरचं ‘चार वर्षांचं’ पोर आपण होऊन सांगायचं, "काका, मी दुसरीत हाय." उंची मध्यम, बुद्धी उंच, आणि डोक्यावर जे कमी आहे ते मिशीने भरून काढलंय. अशी नजर निवृत्तीनंतर घरी बसून कडधान्य निवडण्यात घालवणं बरं नव्हे, म्हणून मी दारावर पाटी लावली: ‘हिरामण गुप्त तपास केंद्र’. त्यात ‘गुप्त’ हा शब्द सगळ्यात मोठा आहे, म्हणजे लांबून दिसतो.

आजवर माझ्याकडे दोन प्रकरणं आली. एक हरवलेली शेळी आणि एक मिक्सरचं झाकण. दोन्ही माझ्या मदतीशिवाय सुटली, पण सुटली माझ्याच कारकिर्दीत, हे विसरू नये.

माझा साहाय्यक जनू. पन्नाशीचा आहे, मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा चालवतो. मला साहाय्यक हवा होता आणि त्याला भाडं नसताना रिक्षा लावायला सावली. माझ्या दारात आंबा आहे. जनू बोलतो कमी, पण जे बोलतो ते नेमकं नको तेव्हा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हमरापूरचा सुशील आणि त्याची बायको प्रणिता माझ्याकडे आले. सुशील गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. तो खुर्चीत बसला तशी खुर्ची कुरकुरली आणि मी तत्काळ निष्कर्ष काढला.

"तुमचं वजन जास्त आहे."

"तेच सांगाया आलोय," सुशील म्हणाला.

मी जनूकडे बघितलं. जनू आंब्याकडे बघत होता.

प्रकरण असं होतं. गेल्या वर्षी नऊ फुटी गणपतीचे डोळे काढताना सुशीलच्या पायाखालची फळी मोडली आणि तो खालच्या उंदरावर बसला. उंदीर जागीच गेला. मंडळाला बिनउंदराचा गणपती देता येईना, म्हणून दुसऱ्या मूर्तीचा उंदीर उसना घ्यावा लागला, तो निम्म्याने लहान. मंडळात अजून त्यावर भांडणं आहेत. कारखान्याचे मालक महिपतीशेठ तसे वाईट नाहीत, पण एकदा नियम केला की त्याला गोंदासारखे चिकटतात. त्यांनी यंदा जाहीर केलं होतं: नागपंचमीच्या सकाळी काट्यावर सुशील पंच्याऐंशी किलोच्या आत भरला तर मोठ्या मूर्तींचे डोळे त्याचे. नाहीतर फळीवर प्रदीप चढणार. हा प्रदीप पीतांबराचे काठ रंगवतो, अंगाने सुशीलपेक्षा हलका.

"मला उंदीर रंगवाया लावा, मोदक रंगवाया लावा," सुशील म्हणाला, "पन डोळं माझं हायत. माझ्या बापानं शिकवलंत. दुसरा कोन वर चढला नि मी खालून बघत राहिलो, तर मी काय करू सांगा." एवढा मोठा माणूस, आणि अगदी लहान तोंड झालं त्याचं.

प्रणिताने पिशवीतून शंभरपानी वही काढली. "ह्यांनी काय बी सोडलं नाय," ती म्हणाली. "वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, बुधवारी सुकट, आयतवारी कोंबडी. सगळं खातात, पन तोलून. दिवसाला सतराशे कॅलरी. शनवारी एक वडापाव बी बसवते मी, तीनशेचा. फेब्रुवारीत सत्त्याण्णव किलो होते, मेच्या मध्यात सत्त्याऐंशी झाले. नि तितनं वजन उतरायचंच थांबलं. आता अठ्ठ्याऐंशी. वही तीच, खाणं तेच. नागपंचमीला सहा आठवडे राहिलेत."

"म्हणजे तीन किलोंचा तपास," मी मिशीवर हात फिरवला.

"ते हरवलं कुठं?" जनू म्हणाला. "ते तर त्यांच्यापाशीच हायत."

अशा वेळी मी ऐकू न आल्यासारखं करतो.

तपासाचा पहिला नियम: संशय घ्यायचा तर घरच्यांचा. मी प्रणिताच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो, गुप्तपणे, म्हणजे पाहुणा म्हणून. ती छोट्या काट्यावर भात तोलते, तेल चमच्याने मोजते आणि भाकरीला ज्वारीच्या दाण्याइतकासुद्धा जास्त गोळा घेत नाही. बाई निर्दोष होती. मी उठताना तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, तर म्हणाली, "तुमचं मांडून बघितलं. एका बैठकीत एकवीसशे." हा पुरावा मी दाखल करून घेतला नाही.

दुसरा संशय रोह्यावर. सुशील एक रविवार सोडून सासुरवाडीला जातो, आणि सासूच्या हातचं खाऊन जावयाचं वजन वाढतं हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. मी एसटीने रोह्याला गेलो. वाटेत कोलाडला एका पोराने आपण होऊन मला वय सांगितलं. जुनी दहशत अजून आहे. सुशीलची सासू शांतीबाई मला बघून रडायलाच लागली.

"जावई पानावर बसला का आधी मोबाइलात कॅलरी बघतो," ती म्हणाली. "मग अर्धी भाकरी परत टोपलीत. तीस वर्सांत माझ्या पानावरून कोन उपाशी उठला नाय, नि हा घरचा जावई! तुमी तरी खा हो."

मी खाल्लं. जावयाने नाकारलेलं सगळं खाल्लं, आंबोळ्यांसकट. शांतीबाईंचे डोळे पुसले गेले आणि माझा संशयही.

उरला कारखाना. जनूच्या रिक्षातून आम्ही हमरापूरला पोचलो तेव्हा दारात सुरतेच्या मंडळाची गाडी भरत होती. नारळ फुटला, पेढ्यांचा बॉक्स उघडला. झाडलोट करणाऱ्या जानीने माझ्या हातावर पेढा आणि खोबरं ठेवलं. प्रसादाला नाही म्हणू नये. मी तो तोंडात टाकला आणि कामाला लागलो.

आत रांगेने दीडशे गणपती बसले होते, सगळे आंधळे. सुशील एकेकासमोर बसायचा, काळ्या रंगात ब्रश बुडवायचा, आणि ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांतून काढायचा. मी जनूचा दंड धरला.

"बघितलंस? दीडशे मूर्ती. तीनशे डोळे. तीनशे वेळा रंग पोटात!"

"रंगानं वजन वाढतं?"

मी पेणच्या रंगाच्या दुकानाला फोन लावला आणि काळ्या रंगात कॅलरी किती असतात ते विचारलं. दुकानदाराने आधी कंपनी विचारली, मग माझं नाव विचारलं आणि मग फोन ठेवला. मी त्यावर विचार करत होतो तोवर नागपूरची गाडी लागली. पुन्हा नारळ, पुन्हा पेढा. घेतला.

पुढचे पाच दिवस मी रोज कारखान्यात गेलो. इतकं कष्टाचं काम मी नोकरीतही केलं नव्हतं, आणि तरी पाचव्या दिवशी पँटचं बटण लावताना मला श्वास रोखावा लागला. मी ते बटणाच्या जुनेपणावर टाकलं.

शेवटी रहस्याची किल्ली हाती आली. सुशील स्वतःला तोलायचा तो काटा कारखान्याचाच होता, प्लास्टरच्या गोण्या तोलायचा. आणि त्या काट्याशेजारी कोण बसायचं? प्रदीप! सुशीलचे डोळे ज्याला मिळणार तो प्रदीप! मी स्वतः काट्यावर चढून बघितलं. एक्याऐंशी. मी अठ्ठ्याण्णव सालापासून अडुसष्ट किलो आहे. जनूने पंचवीस किलोची गोणी ठेवली, काट्याने पंचवीस दाखवले.

"काटा बरोबर हाय," जनू म्हणाला.

"गोणीशी बरोबर आहे," मी म्हणालो. "माणसांशी खोटं बोलतो."

रहस्यकथेत शेवटी सगळ्या संशयितांना एकत्र जमवावं लागतं, नाहीतर गुन्हेगाराला लाज वाटत नाही. मी सगळ्यांना कारखान्याच्या मधोमध बोलावलं. महिपतीशेठ, सुशील, वही घेऊन आलेली प्रणिता, घामाघूम प्रदीप. जानी झाडू मारत होती, तिला बोलावलं नव्हतं. तेवढ्यात पनवेलची गाडी सुटली म्हणून पेढे आले. सगळ्यांनी घेतले आणि मी बोलायला उभा राहिलो.

"मंडळी," मी पेढा एका गालात सारून म्हणालो, "ह्या कारखान्यात एक साप आहे."

दोघे जण टेबलावर चढले. पावसाळ्याचे दिवस होते, माझी उपमा चुकली. ते खाली उतरल्यावर मी प्रदीपकडे बोट केलं. काट्यात फेरफार, मत्सर, फळीचा लोभ, सगळं क्रमाने मांडलं. प्रदीप रडवेला झाला. "दादा, मला उंचीवर चक्कर येते," तो सुशीलला म्हणाला. "मी महिपतीशेटला कवाच सांगितलंय, मला वर नका चढवू."

मग जानी झाडू टेकून म्हणाली, "सुशीलभाऊ, ते पेढं कोन लिवतं?"

"कंचं पेढं?"

"हे. आता खाल्लं ते. मेपासनं गाड्या लागल्यात. दिसाला आठ-आठ. मूर्त बाहेर पडली का नारळ नि पेढा, नि पयला पेढा डोळं काढनाऱ्याला. आपल्या कारखान्याची रीतच हाय. मी रिकामं बॉक्स घरी नेते, वालाचं बियानं ठेवाया. आता बॉक्स इतकं झालं का वाल कमी पडलंत."

प्रणिताने वही उघडली. पानं उलटली. पुन्हा उलटली. "अहो, हितं तर पेढा एक बी नाय."

"तो काय पेढा हाय?" सुशील खरोखर गोंधळला होता. "प्रसाद हाय. देवाचं कसं मोजायचं?"

गंमत म्हणजे कोणी हसलं नाही. कारण तिथल्या एकाही माणसाला तो प्रश्न वेडगळ वाटला नाही. मलाही नाही. प्रसाद हातावर घ्यायचा, डोळ्यांना लावायचा आणि खायचा. तो जेवणात धरतात हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सहा दिवस पुरावा माझ्या तळहातावर येत होता आणि मी तो चावून खात होतो.

प्रणिता बोटांवर मोजत होती. "आठ पेढं, ऐंशीच्या हिशेबानं सहाशे चाळीस. खोबरं दीडशे." तिने नवऱ्याकडे बघितलं. "मी तेल चमच्यानं मोजते नि तुमी हितं देवाच्या नावानं दुसरं जेवन जेवता!"

"मग काय देवाला नाय म्हनू?" सुशील हवालदिल झाला.

"नाय कोन म्हनाया सांगतंय," जानी म्हणाली. "कन घ्यायचा, डोळ्याला लावायचा, बाकी वाटायचा. प्रसाद वाटायचाच असतोय नं. एकट्यानंच खायाचा तर तो कसला प्रसाद?" आणि ती पुन्हा झाडू मारायला लागली, माझ्या पायांपासून.

पुढचे पाच आठवडे सुशीलने तसंच केलं. कण तोंडात, उरलेला पेढा शेजाऱ्याला, आणि वहीत ‘प्रसाद, दहा’. बाकी बिरडं, भाकरी, शनिवारचा वडापाव, सगळं चालू. महिपतीशेठनी मला ‘आता काम झालं’ असं चार वेळा सांगितलं, पण प्रकरणावर देखरेख हवी म्हणून मी अधूनमधून गाडी सुटायच्या वेळेला जात राहिलो.

नागपंचमीच्या सकाळी नऊ फुटी मूर्ती मधोमध उभी होती, बिनडोळ्यांची. मंडळाची माणसं ट्रक घेऊन बाहेर थांबलेली. सुशील काट्यावर चढला.

पंच्याऐंशी किलो सहाशे.

त्याने मोबाइल काढून दिला, पट्टा काढला, शर्ट काढला. पंच्याऐंशी दोनशे. पुढे काढण्यासारखं राहिलं नव्हतं, निदान देवासमोर. तो खाली उतरला आणि ब्रश प्रदीपच्या हातात दिला. प्रणिताने तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं. थट्टा नाही, खरंच.

प्रदीप पाय ओढत फळीकडे निघाला, तशी जानी म्हणाली, "आनि ह्याला कोन तोलनार?"

महिपतीशेठना नियम म्हणजे नियम. प्रदीपला काट्यावर चढवलं. मे महिन्यात ब्याऐंशी किलोचा असलेला प्रदीप अठ्ठ्याऐंशी भरला. सुशीलच्या शेजारी कोण बसायचं, आणि रोज वाटलेले पेढे कोणाच्या हातात पडायचे, ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रदीपइतकं खूश मी कोणाला बघितलं नाही. त्याने ब्रश सुशीलला असा परत दिला जसा निखारा द्यावा.

"दोघं बी नापास," महिपतीशेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "आता डोळं कोन काढनार?"

"मी पंचावन्न किलो हाय," जनू म्हणाला, "पन मला रिक्षावरचा नंबर बी सरळ रंगवता येत नाय."

महिपतीशेठनी मूर्तीकडे बघितलं, बाहेरच्या ट्रककडे बघितलं. मग म्हणाले, "फळ्या दोन टाका. एकावर एक."

"गेल्या सालीच दोन टाकल्या असत्या तर?" जानीने विचारलं.

सुशील वर चढला. फेब्रुवारीत जिना चढताना गुडघे धरणारा माणूस नऊ फूट चढला आणि त्याला धापसुद्धा लागली नाही. फळ्या हूं की चूं न करता राहिल्या. त्याने ब्रश ओठांतून काढला. आधी उजवा डोळा, मग डावा. तेवढ्या वेळात ट्रकवाल्यानेसुद्धा इंजिन बंद ठेवलं. सुशील खाली आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि वरून देव बघत होता.

नारळ फुटला. पेढ्यांचा बॉक्स रितीप्रमाणे पहिला सुशीलपुढे आला. सगळे त्याच्या हाताकडे बघायला लागले. त्याने पेढा उचलला, डोळ्यांना लावला आणि आख्खा तोंडात टाकला.

"ऐंशी," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "लिव."

प्रणिताने लिहिलं. मग वहीतून मान वर न करता माझ्याकडे पेन रोखलं. "नि ह्यांनी तीन उचलले, ते कुनाच्या नावावर लिवू?"